टेंब्यांचं सातवं होल

वामनराव टेंबे गोल्फचं मैदान उलटं चालत. पाठमोरे नव्हे, चेंडू जिथं शेवटी भोकात पडतो तिथून निघायचं आणि जिथून पहिला फटका मारतात तिथं येऊन थांबायचं. एक पट्टा संपला की दुसरा, तोही शेवटाकडून. हातात काठी नाही, चेंडू नाही. कपाळावर गंध, पायात कॅनव्हासचे बूट आणि हिवाळा असो की उन्हाळा, एक काळी छत्री. दुपारी चारच्या सुमाराला ते असे फिरताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, वसाहतीत कुणाकडे तरी गावाहून वडील आले असावेत आणि घर चुकले असावेत. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबूजी, किसके यहाँ जाना है?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "आपली ही हिंदी साताऱ्याची की सांगलीची?"

"साताऱ्याची," मी म्हणालो.

"मग मराठीत बोला. हिंदीला कशाला त्रास?"

वाराणसीबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात मी लेखाधिकारी म्हणून नुकताच बदलून आलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबाचं चिटणीसपद कुणालाच नको होतं, आणि नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही या सर्वमान्य नियमानं ते माझ्या गळ्यात पडलं. क्लबाकडे एक पत्त्यांची खोली होती, एक टेबल टेनिसचं टेबल होतं आणि कारखान्याच्या वसाहतीमागं नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे, पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा सगळा पट्टा, इथपासून माझी सुरुवात होती. मला शिकवण्याचं काम टेंब्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं आणि मी कंटाळलो तरी ते सोडलं नाही.

टेंबे कारखान्याच्या नकाशाघरातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. राहायला रामघाटावर. पूर्वज कधीतरी कोकणातून वेदविद्येसाठी काशीला आले आणि इथलेच झाले. वडील घनपाठी होते. घनपाठ म्हणजे वेदाचे शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ, म्हणजे एकही अक्षर जागचं हलत नाही. वामनराव हे लहानपणी थोडंफार शिकले आणि मग घरच्यांची नाराजी पत्करून आरेखनाची पदविका घेऊन कारखान्यात चिकटले. मैदान उलटं का चालता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वडील म्हणायचे, उलटं म्हणून बघितल्याशिवाय शब्द पक्का होत नाही. होलचंही तेच. सरळ चाललात तर तुम्हाला स्वतःचा चेंडू दिसतो. उलटे या, मग ज्यानं ते होल आखलं त्याचं डोकं दिसतं." त्यांचं बोलणं हे असं घरातल्या जुन्या मराठीचं. मधेच हिंदी शब्द यायचा आणि तो आला आहे याची त्यांना दखलही नसायची.

कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला काही अमेरिकन इंजिनियर आले होते. त्यांतल्या एकाला गोल्फचं वेड. वसाहतीमागची पडीक जमीन त्यानं मागून घेतली आणि आखणीच्या कामाला नकाशाघरातला सगळ्यांत नवा पोरगा मागितला. ते टेंबे. आठ होल साहेबानं आखली आणि सातवं या पोराला दिलं, करून बघ म्हणून. मैदान पुरं व्हायच्या आत त्याचं काम संपलं आणि तो मायदेशी गेला. जाताना पुस्तकांनी आणि मासिकांनी भरलेली एक ट्रंक टेंब्यांच्या हवाली करून गेला. त्या ट्रंकेतून टेंब्यांचं पुढचं सगळं आयुष्य निघालं. अमेरिकेत गोल्फ कसा गेला, तिथं मैदानं कुणी आणि कशी आखली, कोणती बिघडली, कोणती सुधारली, हा त्यांचा विषय झाला. नोकरीत असताना रद्दीवाल्यांकडून, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून त्यांनी आणखी पुस्तकं जमवली.

ते स्वतः अमेरिकेला कधी गेले नाहीत आणि गोल्फही कधी खेळले नाहीत. खेळण्याबद्दल त्यांना किंचित तुच्छताच होती. "खेळणारा चेंडू बघतो. जमीन कोणी बघायची?" असं म्हणत. अलीकडे त्यांच्या नातीनं त्यांना टॅबलेटवर उपग्रहाचे नकाशे काढायला शिकवलं होतं. दुपारचं जेवण झालं की ते बोटानं अमेरिकेत फिरत. मैदानावर भेटले की पहिलं वाक्य असायचं, "आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. हवा साफ होती."

त्यांची व्याख्यानं मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर होत. श्रोता मी एकटा. ते सांगत की गोल्फ अमेरिकेत नेला स्कॉटलंडहून गेलेल्या लोकांनी, आणि सुरुवातीला कुणी गाईच्या कुरणात खेळलं, कुणी सफरचंदाच्या बागेत. खेळ वाढला तसा मैदानांचा सुकाळ झाला आणि स्कॉटलंडमधले खेळाडू मैदानं आखून द्यायला गावोगाव फिरू लागले. "आखून म्हणजे काय हो? दुपारी यायचं, अठरा खुंट्या ठोकायच्या, संध्याकाळच्या गाडीनं पुढच्या गावी. लग्नसराईतल्या भटजीसारखं. एक मांडव झाला की दुसरा. जमिनीला कोणी विचारलंच नाही." जमिनीला विचारणं हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता. बागेतल्या माळ्यालाही ते रोप लावण्याआधी जमिनीला विचारलंस का म्हणून हटकत. माळी हो म्हणून मोकळा होई.

मग पुढची पिढी आली. काही हौशी लोक समुद्र ओलांडून स्कॉटलंडची जुनी मैदानं पाहून आले आणि एकेका मैदानावर वर्षानुवर्षं बसले. इथं टेंब्यांचा आवाज चढायचा. कारण इथंच तो वाद सुरू होत असे, ज्यावर ते दोन्ही बाजूंनी बोलत. एका पंथाचं म्हणणं, चुकलेल्या फटक्याला शिक्षा झाली पाहिजे. वाट एकच, दोन्हीकडे वाळूचे खड्डे. दुसरा पंथ म्हणे, शिक्षा कसली करता, माणसाला निवड द्या. मला हे समजेना तेव्हा ते वैतागले.

"पंचगंगा घाटाहून रामघाटाला कसे जाता आपण?"

"गल्लीतून."

"आणि पाणी उतरलेलं असलं म्हणजे?"

"खालून. घाटाघाटानं."

"का?"

"जवळ पडतं."

"पण शेवाळं असतं, पाय सरकतो. भीती वाटली तर वरून जा, चक्कर पडेल पण कोरडे पोचाल. बस. हेच चांगलं होल. जवळची वाट अवघड, लांबची सोपी, आणि निवड ज्याची त्यानं करायची. अमेरिकेला हे कळायला एक पिढी लागली. आमच्याकडे म्हशीलाही मालूम आहे."

अमेरिकेचं कौतुक करताना ते हातचं राखत नसत आणि टीका करताना तर त्याहून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर आले आणि टेकडी हवी तिथं टेकडी, तळं हवं तिथं तळं झालं, याचा त्यांना राग होता. त्याहून मोठा राग कुंपणाचा. स्कॉटलंडात मैदान गावाचं असे, लोक त्यातून येत-जात, बायका कपडे वाळत घालत. अमेरिकेत क्लबांनी जमीन विकत घेतली, कुंपण घातलं आणि आत कोण येणार हे कातडीचा रंग बघून ठरवलं. "ज्यांनी खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, चेंडू शोधले, त्यांनाच खेळायला बंदी. इतकं सुंदर मैदान आणि फाटकावर हे! काय करायचं त्या सौंदर्याला?" हे ते इतक्या पोटतिडकीनं बोलत की मला एकदा वाटलं, फाटकावर त्यांनाच अडवलं होतं की काय.

दुसऱ्यांच्या चुका काढताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हे तर पहिल्या पानावरचं आहे." टॅबलेटवर एखादं मैदान दाखवत, कुणा मोठ्या आखणीकाराचं, आणि म्हणत, "बघा, पाणी निघून जायला वाटच नाही. हे तर पहिल्या पानावरचं आहे." क्लबाचा स्वयंपाकी खिचडीत मीठ घालायला विसरला तरी तेच वाक्य.

आणि स्वतःचं सातवं होल. पश्चिमेला एका जुन्या कडुलिंबाखाली पहिल्या फटक्याची जागा. पूर्वेला, दूर, जरा उंचावर भोक आणि त्याचा झेंडा. भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळून घट्ट केलेली वाळू. तिला ब्राउन म्हणतात. अमेरिकेतल्या कोरड्या मुलखातही अशीच असायची, हे टेंबे प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. मध्ये तिरका एक ओहोळ, बहुतेक कोरडा, आणि ओहोळाच्या पलीकडून पायवाट. मागच्या खेड्यातल्या बायका त्या वाटेनं सकाळी वसाहतीत कामाला येत आणि संध्याकाळी परत जात. डावीकडून ओहोळावरून चेंडू उडवला तर झेंडा जवळ. उजवीकडून फिरून गेलं तर एक फटका जास्त. दुपारी चार-पाच वाजता ऊन पाठीमागं असे, झेंडा चमके आणि ब्राउनची वाळू सोन्यासारखी दिसे. मला गोल्फ कळत नव्हता, पण ते होल देखणं होतं हे कळत होतं. वसाहतीत येणारा प्रत्येक नवा अधिकारी त्याची तारीफ करी. टेंबे तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

माघातल्या एका सकाळी या सातव्या होलवर एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं डावीकडचा जवळचा फटका मारला. चेंडू खालून गेला आणि पायवाटेवरून येणाऱ्या फुलमतीच्या गळ्याजवळ लागला. गळपट्टीचं हाड मोडलं. फुलमती माझ्याकडेही भांडी-पोळ्यांना येत असे. चार बोटं वर लागला असता तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितलं. अधिकारी भला माणूस होता, इस्पितळात तोच सगळ्यांच्या आधी पोचला होता. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "मुझे दिखी ही नहीं."

क्लबाची सभा बसली. चिटणीस म्हणून चौकशीचा अहवाल मला लिहायचा होता. अध्यक्षांनी सरळ उपाय सुचवला: भिंत घालायची, पायवाट बंद. बायकांनी मुख्य रस्त्यानं वळसा घालून पुढच्या फाटकानं यावं. त्या रस्त्यावर दिवसभर वाळूचे ट्रक धावतात, हे मी म्हणालो. कुणी ऐकल्याचं दिसलं नाही. मग सल्लागार म्हणून बोलावलेल्या टेंब्यांकडे सगळे वळले. मला खात्री होती, आता हा म्हातारा कुंपणावरचं आपलं व्याख्यान देणार.

टेंबे म्हणाले, "दीवार ठीक रहेगी. होल को हाथ न लगाया जाए."

मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "टेंबेसाहेब, अमेरिकेच्या कुंपणांवर तुम्ही मला किती ऐकवलंत."

"ते कुंपण माणसांना बाहेर ठेवायला होतं. हे चेंडू आत ठेवायला आहे. फरक आहे."

"बाहेर तर माणसंच राहणार."

ते छत्री उघडत म्हणाले, "आपण हिशोबाचे माणूस. आपल्याला एक होल आणि दुसरं होल सारखंच." सावली होती, छत्रीची गरज नव्हती. ते ई-रिक्षात बसले आणि गेले.

मी हिशोबाचा माणूस होतो म्हणूनच एक गोष्ट मला टोचत होती. अहवालात घटनास्थळाची पाहणी लागते, आणि ती घटनेच्या वेळीच व्हावी असा आमच्याकडे दंडक आहे. मी टेंब्यांना फोन केला आणि सकाळी या म्हणून सांगितलं. ते कुरकुरले. सकाळी गंगास्नान, संध्या, पूजा. नऊच्या आत ते घाट सोडत नसत. सगळ्या आयुष्यात नोकरीची पहिली पाळी त्यांनी कधी घेतली नव्हती. मी म्हणालो, तुमची सही लागेल. सहीचं नाव काढल्यावर सरकारी माणूस येतोच. ते आले, पूजा उरकून की सोडून ते मी विचारलं नाही.

कडुलिंबाखाली आम्ही उभे राहिलो. धुकं नुकतंच विरलं होतं. सूर्य झेंड्याच्या थोडा वर आला होता, आणि त्या उजेडात झेंडा नव्हता, ओहोळ नव्हता, पायवाट नव्हती. नुसता पांढरा झोत. टेंब्यांनी सूर्य समोर पाहिल्यावर सवयीनं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. मग डोळे उघडले आणि हात तसेच राहिले.

मी माळ्याला पायवाटेवरून चालायला सांगून ठेवलं होतं. बराच वेळ गेल्यावर टेंबे म्हणाले, "निघाला का तो?"

"पलीकडे पोचला," मी म्हणालो.

त्यांनी हात खाली घेतले. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पुन्हा पाहिलं. एक पाऊल डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं. मग कडुलिंबाच्या बुंध्याला टेकले. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"सकाळचं होल उगवतीकडे तोंड करून आखू नये," ते म्हणाले. "हे तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते कोणत्या पानावरचं आहे हे मला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्याकडून चुकून झालं असं नाही हो. मी विचार करून तोंड तिकडे केलं. समोर म्हणजे पूर्वच. दुसरं समोर आमच्याकडे असतंच कुठं? घाट सगळे तिकडे बघतात, आम्ही जन्मापासून तिकडे बघून बसतो. ऊन डोळ्यांवर येतं, ते यायचंच, त्याला नमस्कार करायचा. ते अडचण असेल असं डोक्यातच नाही आलं. नंतर पुस्तकांत वाचलं. दहा ठिकाणी वाचलं. अमेरिकेतल्या मैदानांना लावून बघितलं. इथं लावलं नाही."

"तुम्ही सकाळी इथं कधीच आला नाहीत?"

"सकाळी मी घाटावर."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? साहेब लोक तीन वर्षांत बदलून जातात. एक-दोघे बोलले होते, सकाळी दिसत नाही म्हणून. मी म्हणालो, डोळे तपासून घ्या." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या सभेत ते बसले नाहीत, उभे राहूनच बोलले. फटका मारणाऱ्याचा दोष नाही, वाटेनं जाणारीचा नाही, होल चुकीचं आखलं आहे आणि ते मी आखलं आहे. भिंत नको. होल बंद करा. सभेत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, संध्याकाळीच खेळू. टेंबे म्हणाले, "आप लोग खेलेंगे शाम को. तीन साल बाद जो आएँगे, वे सुबह खेलेंगे." कुणी म्हणालं, मग उलटं करू, तिकडून इकडे मारू. खरं म्हणजे हे ऐकून त्यांचे डोळे क्षणभर चमकले. उलट्या चालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण ते म्हणाले, तिकडून मारलं तर संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येईल, आणि संध्याकाळी त्याच बायका परत जातात. अध्यक्ष शेवटी म्हणाले, आठ होलचं मैदान जगात कुठं असतं? तेव्हा मात्र टेंबे मूळ पदावर आले. अमेरिकेत पूर्वी सहाचंही होतं आणि बाराचंही, अठराचा दंडक मागाहून आला, हे त्यांनी इतक्या विस्तारानं सांगितलं की कंटाळून सभेनं ठराव मंजूर केला.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांना फुलमतीकडे घेऊन गेलो. ती अंगणात बाजेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. टेंब्यांनी बाजेसमोर उभं राहून शुद्ध हिंदीत सगळं सांगितलं: आखणी त्यांची, दिशा त्यांची, चूक त्यांची. तिला त्यातलं फारसं कळलं नसावं. एवढा म्हातारा माणूस उभा आहे यानंच ती अवघडली होती. तिनं सुनेकडून पाट मागवला. त्यांचं बोलून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "रस्ता त बंद ना होई न, बाबूजी?"

"ना होई," टेंबे म्हणाले. त्यांच्या तोंडून भोजपुरी मी तेवढीच ऐकली.

परतताना ते माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, "मी अमेरिकेच्या चुका काढत बसलो. त्यांच्या चुकांनी फार तर चेंडू हरवले. माझी हाडाला लागली." मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्यांच्याविषयी पूर्वी नव्हता इतका आदर वाटला. दोन्हीतलं काही मी बोललो नाही. आमच्या खात्यात तशी पद्धत नाही.

झेंडा काढला गेला. ब्राउनची वाळू पावसात वाहून गेली आणि तिथं गवत आलं. टेंबे येत राहिले. चारच्या सुमाराला, छत्री घेऊन, शेवटाकडून सुरुवातीकडे. नववं, आठवं, आणि मग सातवं ओलांडून सहावं. मध्ये काही आठवडे त्यांनी अमेरिकेचं नाव काढलं नाही. मग एक दिवस बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, मंदीच्या काळात तिथं सरकारनं बेकार लोकांना कामाला लावून सार्वजनिक मैदानं बांधून घेतली, त्यांच्याबद्दल मी आपल्याला नीट सांगितलंच नाही. मी म्हणालो, सांगा. अंधार पडेपर्यंत ते बोलत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कंटाळा आला नाही.

यथावकाश माझी तीन वर्षं भरली आणि पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी रामघाटावर त्यांच्याकडे जेवायला गेलो. टेंबेकाकूंनी पुरण घातलं होतं. शेजारच्या पाठशाळेतून मुलांचा पाठ ऐकू येत होता. टेंबे जेवताना मधेच थांबून कान देत आणि चुकलं की मान हलवत. निरोप घेताना म्हणाले, "पुण्यातही मैदान आहे म्हणतात. बघून या. पण सकाळी जा, दुपारी नको."

दीडेक वर्षानं काकूंचा फोन आला. ते सकाळी घाटावरून येऊन पूजेला बसले आणि उठले नाहीत. काकू शांत होत्या. मी ऑफिसात होतो, फोन ठेवल्यावर बराच वेळ काम सुचलं नाही.

पुढच्याच महिन्यात क्लबाच्या नव्या चिटणीसांचा फोन आला. तेही मराठीच निघाले, नागपूरकडचे. म्हणाले, शोकसभा झाली, सगळ्यांनी फार चांगले उद्गार काढले, आणि सर्वानुमते ठराव झाला की टेंबेसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांचं सातवं होल पुन्हा सुरू करायचं. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटीही लावायची. जुना नकाशा सापडत नव्हता. ते होल नेमकं कुठून कुठं होतं, हे मला आठवतं का?

मला सगळं आठवत होतं. कडुलिंब, ओहोळ, झेंडा, सगळं. मी म्हणालो, "त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर ते होल करू नका. ते त्यांनी स्वतः बंद करून घेतलं होतं. इतिवृत्त काढून बघा."

मग ते म्हणाले, "पण साहेब, मग त्यांचं असं मैदानावर राहिलं काय?"

"मागच्या खेड्यातून एक पायवाट येते. ती उघडी आहे?"

"उघडीच आहे की. सकाळी बायका येतात तिथून कामाला. का बरं?"

"मग झालं," मी म्हणालो. "ती उघडीच राहू द्या."